ठकीचं प्रकरण: म्हाताऱ्या मांजरीच्या शेवटच्या महिन्यांत कोणाचं ऐकायचं?

मांजर: ठकी. देशी, मादी, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, नसबंदी झालेली, वय १६. माणसाच्या हिशेबात ऐंशी. मांजराची पहिली दोन वर्षं चोवीस धरतात आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला चार मिळवतात. घर: इंदूर, मल्हारगंजातल्या जुन्या वाड्याचा पहिला मजला. माणसं: सत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि चौथीतली नात. घरची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम तसाच ठेवला आहे.

आजार नेहमीचाच, मूत्रपिंडं थकत जाण्याचा. म्हातारं, वाळलेलं मांजर दवाखान्याच्या टेबलावर आलं की पहिला संशय याचाच येतो. त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या यात नवं काही नाही. पशुवैद्य म्हणून मला लिहावंसं वाटलं ते त्या घरात निर्णय कसा झाला त्यासाठी. माझं मत आधीच सांगून टाकते: जे माणूस मांजराची घाण काढतं, त्याला त्या मांजराबद्दल सगळ्यांत जास्त माहीत असतं, आणि निर्णयाच्या वेळी नेमकं त्यालाच कोणी विचारत नाही.

पहिली भेट

दिवाळी नुकतीच झाली होती. मुलाने ठकीला फळांच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये घालून, वर ओढणी बांधून आणलं. बोलला तोच. खाताना मध्येच थांबते, दात दुखत असणार, जमलं तर आजच काढून टाका. दात खराब होतेच. सून दाराशी उभी होती. आमचं बोलणं संपत आल्यावर म्हणाली, "ट्रेमधली वाळू हल्ली रोज दोनदा बदलावी लागते हो. आधी दोन दिवस पुरायची."

त्या दिवशी सगळ्यांत कामाचं वाक्य हेच होतं. खोदून विचारलं तेव्हा कळलं की ठकी रात्री न्हाणीघरात बादलीच्या काठावर चढून पाणी पिते. पूर्वी ती वाटीतल्या पाण्याला तोंडही लावत नसे. मांजर किलोमागे दिवसाला ५० मिलीपेक्षा जास्त पाणी सतत पिऊ लागलं तर दात नंतर बघावेत, आधी रक्त आणि लघवी तपासावी.

लसीकरणाच्या जुन्या कार्डावर वजन ४.१ किलो होतं, आता भरलं २.९. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून काढून टाकायचं टाकाऊ द्रव्य, ३.६. लघवी पाण्यासारखी पातळ, सापेक्ष घनता १.०१४, मूत्रपिंडं धड असली तर मांजराची लघवी १.०३५ च्या वर घट्ट असते. रक्तदाब १९०. आयरिस या आंतरराष्ट्रीय गटाने या आजाराच्या चार पायऱ्या केल्या आहेत. क्रिएटिनिन २.९ ते ५ म्हणजे तिसरी. चौथीनंतर पायरी नाही.

मुलाने लगेच विचारलं, इतके दिवस कळलं कसं नाही? मूत्रपिंडाचा बराच मोठा भाग निकामी होईपर्यंत उरलेला भाग सगळं ओढून नेतो आणि रक्तात काही दिसत नाही, हे त्यामागचं कारण. क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तेव्हा साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश काम आधीच गेलेलं असतं. त्यात मांजराची जात दुखणं लपवणारी. दहा वर्षांपुढच्या मांजराला दर सहा महिन्यांनी दाखवून आणावं म्हणतात ते यासाठीच. पण आपल्याकडे मांजर दवाखान्यात येतं ते पडल्यावर किंवा भांडून आल्यावर.

औषधं, आणि दूध-पोळी

रक्तदाबाची गोळी लगेच सुरू केली. एवढा दाब राहिला तर डोळ्याचा पडदा सुटतो आणि मांजर एका रात्रीत आंधळं होतं. अ‍ॅम्लोडिपिन हे माणसांचंच औषध, अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव तुकडा. (आजींची गोळी तीच होती. "म्हणजे आता एकाच डबीतून," असं त्या म्हणाल्या. मी डबी वेगळी ठेवायला सांगितली.) मळमळीसाठी एक औषध, मूत्रपिंडांना जड जाणारा फॉस्फरस बांधून ठेवणारी पूड, आणि एक दिवसाआड कातडीखालून सलाईन.

त्याच वेळी एक गोष्ट बजावून सांगितली, इथेही सांगते: मांजराला पॅरासिटामॉल कधीही द्यायचं नाही. ते पचवण्याची यंत्रणाच मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. एक गोळीही जीव घेऊ शकते. घरातल्या इतर वेदनाशामक गोळ्याही नकोत, त्यांतल्या बऱ्याच थेट मूत्रपिंडावर जातात.

खाण्याचं प्रकरण अवघड होतं. घर शाकाहारी. सोळा वर्षं ठकीला दूध-पोळी मिळत आली, असं आजी अभिमानाने सांगत. मांजर मुळात मांसाहारी. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर हृदयाचा स्नायू ढिला पडतो, हे १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. मग ही सोळा वर्षं जगली कशी? नातीने गुपित फोडलं: वाड्यातले उंदीर आणि खालच्या बिऱ्हाडातली अंडी. मूत्रपिंडाच्या आजाराचं तयार खाणं आणलं, ठकीने हुंगून पाठ फिरवली. आठवडाभर झगडून मी तो आग्रह सोडला. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून नवंच दुखणं उभं राहतं. आदर्श खाणं न खाणाऱ्या मांजरापेक्षा साधं खाणं खाणारं मांजर बरं. खालच्या बिऱ्हाडातून उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रोज वर येऊ लागला, त्यात फॉस्फरस कमी असतो. आजी त्या वेळी देवघरात जाऊन बसत.

सुई

कातडीखालची सलाईन घरी द्यायची म्हटलं की बहुतेक घरं मागे सरतात. इथेही मुलगा म्हणाला, "रोज दवाखान्यात आणतो." एक दिवसाआड क्रेटमध्ये कोंबून संध्याकाळच्या गर्दीतून आणायचं म्हणजे उपचारापेक्षा प्रवासच मांजराला जास्त छळणार. शेवटी सून म्हणाली, "मला शिकवा."

सलाईनची (रिंगर लॅक्टेटची) बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून अंगाइतकी ऊबदार करायची. खिडकीच्या गजाला टांगायची. ठकीला मांडीवर जुन्या चादरीत घ्यायची, तोंड आपल्यापासून लांब. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलायची आणि त्या उंचवट्याच्या बुडाशी सुई आडवी सारायची. बारीक सुईने टोचतं कमी पण वेळ फार जातो, म्हणून बरीच मांजरं जाड सुईलाच जास्त शांत असतात. बाटलीवरच्या रेघा बघत शंभर मिली आत सोडायचं. कातडीखाली फुगा येतो, तो हळूहळू एका पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. पहिल्या वेळी सुई कातडीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि सगळं पाणी सुनेच्या साडीत गेलं. पुढच्या आठवड्यापासून मात्र रात्री नऊला टीव्हीचा आवाज बारीक करून ती एकटी हे करू लागली. नात बाटलीच्या रेघा वाचायची.

पंधरा दिवसांत ठकी पुन्हा अंग चाटू लागली. डिसेंबर-जानेवारी चांगले गेले. असे महिने मिळतात तेव्हा ते मिळाले म्हणून घ्यावेत. आजार उलटत नसतो.

"खातेय ना?"

फेब्रुवारीच्या मध्यापासून घरात तीन मतं झाली. मुलाचं म्हणणं, अजून काही करता येत असेल तर करू. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊ, मुंबईला डायलिसिस होतं म्हणतात. महूला न्यायला माझी हरकत नव्हती, पण तिथेही हेच सांगतील हे सांगितलं. डायलिसिसचा उपयोग मुख्यतः अचानक बिघडलेल्या, सुधारण्याची आशा असलेल्या मूत्रपिंडांसाठी. झिजून गेलेल्या मूत्रपिंडांना तो परत आणत नाही. आजींचं म्हणणं एकाच प्रश्नात मावत होतं: "खातेय ना?" आणि ठकी खात होती. आजींच्या बोटावरची साय चाटायची, मग भिंतीकडे तोंड करून बसायची.

सुनेचं मत कोणाला माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची एक मोजपट्टी आम्ही वापरतो. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असली तर ठीक चाललंय असं समजायचं. या घरी ती फसली. आजींनी आनंदाला दहापैकी दहा दिले, कारण ठकी घुरघुरत होती. मांजर सुखात घुरघुरतं तसं दुखण्यातही घुरघुरतं, हे त्यांना पटेना. मुलाने सगळीकडे पाच दिले. त्याच्या बेरजेत त्याचीच हवालदिली दिसत होती, ठकी कुठे दिसत नव्हती.

मग पट्टी बाजूला ठेवली आणि सुनेला विचारलं, धडधाकट असताना ठकी रोज न चुकता काय काय करायची? तिने विचार न करता पाच गोष्टी सांगितल्या. दूधवाल्याची गाडी वाजली की जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसायची. खाऊन झालं की पंजा ओला करून तोंड धुवायची. खिडकीत चढून पारव्यांकडे बघत दात कटकटवायची. सांजवातीला देवघरासमोर आजींच्या मांडीला टेकायची. रात्री नातीच्या पायाशी झोपायची.

कालनिर्णयाच्या रोजच्या चौकोनात, यांतलं जेवढं होईल तेवढे ठिपके द्यायचे असं ठरलं. स्केचपेन नातीचं, पण सांगायचं सुनेने. मागच्या दोन महिन्यांचे ठिपकेही सुनेने आठवून, आजींना विचारून घातले. त्यात जानेवारीच्या चौकोनांत पाच-पाच, चार-चार ठिपके होते. आता पहिली खिडकी गेली, मग जिना. फेब्रुवारीअखेर तोंड धुणं थांबलं, हनुवटीखाली सायीचे कण वाळून राहू लागले. मार्चमध्ये देवघर तेवढं उरलं, तेही एक दिवस आड. होळीच्या आठवड्यात ओळीने रिकामे चौकोन आले. ठकी धुण्याच्या यंत्रामागे, थंड फरशीवर पडून असे.

सुनेला यातलं सगळं आधीपासून माहीत होतं. कॅलेंडरने एवढंच केलं की ते भिंतीवर आलं आणि येता-जाता सगळ्यांना दिसू लागलं. सासूसमोर "हिला आता सोडवा" असं सुनेने म्हणणं सोपं नसतं. "सासूचं मांजर सुनेला जड झालं" हे ऐकायला वाड्यात फार वेळ लागत नाही. तेच मुलीने काढलेल्या ठिपक्यांनी सांगितलं तेव्हा कोणी कोणाला बोललं नाही.

पाप कोणाला?

होळीनंतरच्या तपासणीत क्रिएटिनिन ७ च्या पुढे होतं. तोंडाला अमोनियाचा वास, हिरड्यांवर व्रण, अंगाचं तापमान ३६.४, मांजराचं ३८ ते ३९ असायला हवं. मी स्पष्ट सांगितलं की आता दिवस उरलेत आणि ते चांगले नसतील; इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ देता येईल.

आजींनी कानांवर हात ठेवले. मांजर मारली तर सोन्याची मांजर करून काशीला वाहावी लागते, हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं आहे. शिकलेल्या घरांतही इंजेक्शनाला खरी आडकाठी बहुधा हीच असते, फक्त ती कोणी बोलून दाखवत नाही. आजींनी दाखवली, हे बरंच झालं. त्यांनी मला विचारलं, "पाप कोणाला लागतं? सांगणाऱ्याला की टोचणाऱ्याला?"

म्हटलं, "टोचणाऱ्याला. माझ्या नावावर आधीच बऱ्याच जमा आहेत."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मग काशीला जाशील तेव्हा मलाही ने." यावर शास्त्रार्थ करत बसण्याचं माझं काम नाही, आणि करून उपयोगही होत नाही. भीती खरी आहे एवढं मान्य केलं की माणूस पुढचं ऐकतं. उठताना आजी भिंतीशी गेल्या, चष्मा पुसून कॅलेंडर बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "देवघरात कधीपासून नाही आली गं?" सुनेने तारखेवर बोट ठेवलं.

गेरच्या आदल्या दिवशी

मुलाला रंगपंचमी होऊ द्यायची होती. बाहेरून नातेवाईक येणार होते, घरात असं काही नको. रंगपंचमीला इंदुरात गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते. टोरी कॉर्नरची गेर याच भागातली. टँकर, पिचकाऱ्यांच्या तोफा, डीजे, राजवाड्यापर्यंत माणसांचा समुद्र. त्या दिवशी मल्हारगंजात माझी गाडी शिरली नसती, आणि वाड्याच्या भिंती हादरत असताना ठकी यंत्रामागे पडून राहिली असती.

या वेळी सून आपणहून बोलली. "उद्या नाही. आज." मुलगा गप्प बसला. आजी म्हणाल्या, "ती सांगतेय ते कर."

मी संध्याकाळी गेले. काय होणार ते आधी सांगते, तसं सगळ्यांना सांगितलं: पहिलं इंजेक्शन गुंगीचं, ते जरा चुणचुणतं, मग शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा, त्यात काही मिनिटांतच हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात. लघवी सुटते. नंतर एखादा खोल श्वास आल्यासारखा वाटतो, तो जिवंतपणाचा नसतो. हे आधी कळलेलं नसलं तर तोच क्षण वर्षानुवर्षं छळतो. नातीला आईने सरळ सांगितलं की ठकी आज मरणार आहे, डॉक्टर तिला दुखू देणार नाहीत. तिला थांबायचं आहे का, हेही विचारलं. ती गुंगी येईपर्यंत थांबली, मग शेजारी गेली. मुलगा जिन्यात उभा राहिला. ठकीला धरलं सुनेने, सलाईनला धरायची तसंच. आजींनी तुळशीचं पान आणि पाण्याचे थेंब तिच्या ओठाला लावले. एवढं झाल्यावर मी सुई लावली.

पुरण्याची जागा मुलाने आधी ठरवली होती, राऊच्या पुढे एका ओळखीच्या शेतात. भुलीचं औषध शरीरात राहतं. खड्डा उथळ असला तर कुत्री किंवा घारी उकरून खातात आणि मरतात, म्हणून निदान तीन फूट खोल सांगितलं. त्या रात्री मुलाने एकट्याने खणलं, कोणाला हात लावू दिला नाही.

नंतर

मी साधारणपणे घरच्यांना पंधरा दिवसांनी एक फोन करते. इथे तीन माणसांचं तीन प्रकारचं होतं.

आजी सकाळी वाटीत दूध काढत आणि मग परत पातेल्यात ओतत. शेजारीण जिन्यातून म्हणाली होती, "बिल्ली ही तो थी, माताजी." नवऱ्याच्या वेळी तेरा दिवस घर भरलेलं होतं. ठकीचं सुतक नाही, भेटायला येणं नाही, रडायला निमित्त नाही. ज्या दुःखाला आजूबाजूचे दुःख मानत नाहीत ते जास्त काळ रेंगाळतं, हे केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये मांडलं. आजींनी ते आपल्या परीने सोडवलं: भजनी मंडळात त्यांनी सरळ सांगितलं की माझं मांजर गेलंय, मला महिनाभर पेटीवर बसवू नका. कोणी काही बोललं नाही. एका नातेवाइकाने दुसऱ्याच आठवड्यात पिल्लू आणून देऊ केलं, ते त्यांनी परत पाठवलं. योग्य केलं असं मला वाटतं. सोन्याच्या मांजरीचा विषय मात्र त्यांनी सोडलेला नाही. सराफ्यात भाव ऐकून आल्या आणि मला फोन केला, "चांदीची चालते का, विचारून ठेव."

मुलगा रिपोर्ट घेऊन बसे. दिवाळीआधी आणली असती तर? वर्षभर आधी कळलं असतं तर रक्तदाब आणि खाणं लवकर सुरू झालं असतं, कदाचित काही महिने जास्त मिळाले असते. हे मी त्याला लपवलं नाही. खोटा दिलासा अशा माणसाला लगेच ओळखू येतो. पण १६ वर्षांच्या मांजराला कशाने ना कशाने जायचंच होतं, हेही तितकंच खरं.

सगळ्यांत कमी बोलली ती सून. रात्री नऊ वाजले की काय करावं कळत नाही, एवढंच म्हणाली. शुश्रूषा करणाऱ्याचा दिवस त्या कामाभोवती बांधलेला असतो. ते गेलं की दुःखाच्या आधी हात रिकामे होतात, आणि घरचे म्हणतात, चला, हिची सुटका झाली. ती उरलेल्या सलाईनच्या बाटल्या, सुयांची पाकिटं आणि वापरलेल्या सुया भरलेली, बूच घट्ट लावलेली कोल्ड्रिंकची बाटली घेऊन दवाखान्यात आली. सीलबंद होतं ते दुसऱ्या मांजरांच्या कामी आलं.

त्याच आठवड्यात सुदामा नगरचं एक जोडपं असंच मांजर घेऊन आलं होतं. नवरा सगळे प्रश्न विचारत होता, बायको टोपली धरून उभी होती. सुईचं नाव निघताच दोघांचे चेहरे उतरले. मी ठकीच्या घरी फोन लावला आणि सुनेला म्हटलं, जरा यांना समजावून सांगशील का? फोन नवऱ्याने घेतला. स्पीकरवर तिचा आवाज आला, "दादा, टोचणार कोण आहे? त्यांच्या हातात द्या फोन."